पडदा सोपा, काम तेवढेच

स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये जरा खोलवर गेले की जवळपास प्रत्येक कंपनीने ठेवलेली एक सोय सापडते. सॅमसंग तिला ईझी मोड म्हणते, इतर कंपन्यांच्या फोनवर ती सिंपल मोड किंवा लाइट मोड या नावाने असते. ॲपलने २०२३मध्ये आयओएस १७बरोबर असिस्टिव्ह ॲक्सेस आणले, ते मुख्यतः बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. नावे वेगळी असली तरी कल्पना एकच आहे. चिन्हे मोठी आणि मोजकी होतात, अक्षरे ठळक होतात, बोट चुकून जास्त वेळ टेकले तरी भलतेच काही उघडत नाही, नेहमीची माणसे एका पानावर येतात. ज्याला मोतीबिंदूमुळे धूसर दिसते किंवा ज्याची बोटे थरथरतात, त्याला या बदलाने खरा आराम मिळतो. ही सोय चांगल्या हेतूने केलेली आहे, आणि या पुस्तिकेत ती कशी लावायची हेही सांगितले आहे. पण ती लावली की प्रश्न सुटला, असे कुटुंबांनी, बँकांनी आणि सरकारी कार्यालयांनी धरून चालणे चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे, हे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातल्या रोजच्या कामांच्या आधारे मांडायचे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

या पट्ट्याची निवड करण्यामागे कारण आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३मध्ये स्थापन झाली आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांतच तिने जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारी अशी कामे संगणकावर आणली, नागरी सुविधा केंद्रे उघडली. पुढे तोच नमुना राज्यातल्या इतर पालिकांसाठी घेतला गेला. त्या रचनेत संगणक खिडकीच्या आतल्या बाजूला होता, ही गोष्ट आज आवर्जून आठवायला हवी. कोणता रकाना भरायचा, कोणता क्रमांक कुठे टाकायचा, चूक झाली तर मागे कसे जायचे, हे सगळे आतल्या कर्मचाऱ्याला ठाऊक असायचे. बाहेरच्या माणसाने काम तोंडी सांगायचे, कागद पुढे करायचा, पैसे द्यायचे आणि पावती घ्यायची. रांगा होत्या, खेटे होते, काही ठिकाणी अरेरावीही होती. त्या काळाबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. पण दिसत नसलेल्या, लिहिता न येणाऱ्या किंवा गोंधळणाऱ्या माणसाचे काम व्हायला यंत्र चालवता येण्याची अट नव्हती. गेल्या दहा-बारा वर्षांत संगणक खिडकीच्या बाहेर आला, नागरिकाच्या हातात आला, आणि त्याच्याबरोबर आतल्या कर्मचाऱ्याचे कामही नागरिकाकडे आले. आता रकाने त्यानेच भरायचे, फोटो त्यानेच अपलोड करायचे, ओटीपी त्यानेच वेळेत टाकायचा. ईझी मोड या सोपवलेल्या कामातला एकही टप्पा कमी करत नाही. तो कामाच्या दारावरची पाटी मोठी करतो.

लोकलच्या तिकिटाचे उदाहरण घ्या. खिडकीवर डोंबिवली ते ठाणे रिटर्न तिकीट काढायला एक वाक्य पुरते. मोबाइलवर तेच तिकीट काढायचे तर आधी नोंदणी, मग लॉगिन, मग कुठून कुठे, किती प्रवासी, कोणता वर्ग, एकेरी की परतीचे, मग पैसे कशातून, मग यूपीआयचे दुसरेच ॲप, तिथे पिन, मग परत पहिल्या ॲपमध्ये येऊन तिकीट दिसते का ते पाहणे. त्यात जीपीएस चालू हवे. स्टेशनाच्या आवारात उभे राहून कागदाविना तिकीट काढता येत नाही, अशी अट रेल्वेच्या यूटीएस या तिकीट ॲपने घातली. टीसी दिसल्यावर घाईने तिकीट काढणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ती होती. त्यावर तोडगा म्हणून स्टेशनांत क्यूआर कोड लावले गेले. धडधाकट प्रवाशाला हा तोडगा सोयीचा वाटतो. ज्याची नजर कमी आहे त्याला मात्र गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनात भिंतीवरचा तो चौकोन शोधायचा आहे, त्यावर कॅमेरा स्थिर धरायचा आहे आणि मागच्यांचे धक्के सोसायचे आहेत. वाटेत फोन बंद पडला आणि तिकीट दाखवता आले नाही, तर तो विनातिकीट ठरतो. या सगळ्या साखळीत ईझी मोडने नेमके काय सोपे केले? पहिल्या पडद्यावरचे ॲपचे चिन्ह मोठे केले. त्या चिन्हावर बोट ठेवल्यानंतरचा प्रत्येक पडदा ॲप बनवणाऱ्याच्या ताब्यात आहे, फोन बनवणाऱ्याच्या नाही. सोप्या मोडची मूळ मर्यादा हीच आहे, आणि ती एखाद्या कंपनीच्या आळसामुळे आलेली नाही. फोनचे बाह्यरूप एका संस्थेकडे आणि फोनवरचे काम दुसऱ्या संस्थेकडे, या विभागणीतून ती आली आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. सोपा मोड अगदी वेगवेगळ्या गरजा असलेल्या माणसांना एकाच गटात घालतो. ज्याला अजिबात दिसत नाही त्याला मोठी चिन्हे निरुपयोगी आहेत. त्याला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हवा, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी व्यवस्था. या दोन्ही २००९पासून फोनवर आहेत, आणि त्यांच्या आधारे पूर्ण क्षमतेने फोन वापरणारे दृष्टिहीन लोक आपल्या लोकलमधून रोज कामावर जातात. त्यांना कमी सोयींचा फोन नकोच आहे. ॲपमधल्या प्रत्येक बटणाला नाव दिलेले असावे, एवढेच त्यांचे मागणे असते. नाव दिलेले नसले की टॉकबॅक फक्त ‘बटण’ असे म्हणतो आणि ते पैसे पाठवण्याचे की रद्द करण्याचे हे कळत नाही. ज्याची नजर अधू आहे त्याला मोठी अक्षरे हवीत, पण ती ॲपच्या आतही हवीत, आणि इथे देवनागरीची स्वतःची अडचण येते. आपल्या लिपीत रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापाने बांधलेल्या अरुंद पट्टीत अक्षर मोठे केले की वरखालचे भाग कापले जातात, लांब शब्द अर्धा राहून पुढे तीन टिंबे येतात, कधी खालचे ‘पुढे जा’ हे बटणच पडद्याबाहेर ढकलले जाते. कंपवात असलेल्याला मोठ्या अक्षरांपेक्षा बटणांत अंतर आणि चूक सुधारायला सवड हवी असते. ज्याची स्मरणशक्ती क्षीण होत चालली आहे त्याला पडदा दर वेळी तसाच दिसायला हवा; एखादे ॲप अपडेट होऊन बटणाची जागा बदलली की त्याची घोटून घेतलेली वाट हरवते. आणि ज्याला फक्त सवय नाही, बाकी सारे ठणठणीत आहे, त्याला शिकवणारा माणूस हवा. २०११च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले, तेव्हा प्रश्नावलीत दिव्यांगत्वाचे मोजकेच प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. वयोमानाने नजर, ऐकू येणे किंवा हाताची पकड कमी झालेले, पण स्वतःला कधीच दिव्यांग न म्हणवणारे लोक यात धरलेलेच नाहीत. एवढ्या विविधतेला एकच बटण पुरेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

फोनच्या अटीमुळे माणूस कसा बाहेर राहतो, हे या पट्ट्याने २०२१मध्ये स्पष्ट पाहिले. लस घेण्यासाठी १८ ते ४४ वयोगटाला आधी कोविन संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची होती. ते संकेतस्थळ सुरुवातीला मराठीत नव्हते, आणि त्यावरचा कॅप्चा दृष्टिहीनांना सोडवता येत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१च्या आदेशात या त्रुटींची दखल घेतली. त्यानंतर ऑगस्टमध्ये दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकल खुली झाली. त्यासाठी क्यूआर कोडचा पास ॲप किंवा संकेतस्थळावरून मिळणार होता. पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी स्टेशनांवर पालिकांचे कर्मचारी बसवले गेले. ते प्रमाणपत्र आणि ओळखपत्र तपासून शिक्का मारत आणि त्या शिक्क्यावर तिकीट खिडकीत मासिक पास मिळे. साथीच्या धामधुमीत, मनुष्यबळाची ओढाताण असताना, टेबल मांडून माणूस बसवणे शक्य झाले. तो पर्याय परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला विसरू नये. तिथे कोणाचाही फोन सोपा केला गेला नव्हता. कामच फोनवाचून होईल असे केले गेले होते.

निवृत्तिवेतन आणि बँक या बाबतीत ही गोष्ट आणखी ठळक होते. डोंबिवली आणि ठाण्यात नोकरीतून निवृत्त झालेल्यांची वस्ती मोठी आहे, त्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाण ही डिजिटल सोय २०१४मध्ये आली. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांची त्यात अडचण होऊ लागली म्हणून २०२१मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची पद्धत सुरू झाली. ती बोटांच्या ठशांपेक्षा नक्कीच बरी. तरी त्यासाठी एकाऐवजी दोन ॲपे लागतात, चेहरा चौकटीत धरावा लागतो आणि डोळ्यांची उघडझाप करावी लागते. डोळे मिचकावण्याच्या याच अटीवरून सर्वोच्च न्यायालयात प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार हे प्रकरण गेले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्या माणसांच्या पापण्याच उरल्या नाहीत त्यांनी, आणि ज्यांना कॅमेऱ्याची चौकट दिसत नाही अशा दृष्टिहीनांनी, ई-केवायसी कसे करावे, हा प्रश्न होता. ३० एप्रिल २०२५ला निकाल देताना न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पर्यायी पद्धती देण्याचे निर्देश दिले. त्याआधी ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी प्रकरणात याच न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले होते. भारतीय मानक ब्युरोचे डिजिटल सुगम्यतेविषयीचे आयएस १७८०२ हे मानक मे २०२३पासून दिव्यांग हक्क नियमांचा भाग आहे. म्हणजे काय करायचे हे लिहिलेले आहे आणि ते कोणी करायचे हेही लिहिलेले आहे: सेवा देणाऱ्याने. फोन विकत घेऊन त्यात ईझी मोड लावण्याची जबाबदारी कायद्याने नागरिकावर टाकलेली नाही.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा घेतला जातो आणि तो गंभीर आहे. वृद्धांची फसवणूक वाढली आहे. मग त्यांच्या फोनवर जितके कमी तितके चांगले, असे मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. पण फसवणूक कोणत्या वाटेने होते ते पाहिले पाहिजे. आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा, असे खोटे संदेश पसरले तेव्हा महावितरणला ग्राहकांना सावध करावे लागले. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार फोन आणि व्हिडिओ कॉलवरून होतो. फोन आणि संदेश या तर सोप्या मोडमध्ये मुद्दाम ठेवलेल्याच गोष्टी आहेत. ओळखीच्याच क्रमांकांवरून फोन येतील असे बंधन असिस्टिव्ह ॲक्सेसमध्ये घालता येते, आणि स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासाठी ते कधी कधी योग्यही असते. परंतु मग रुग्णालयातून, कुरिअरवाल्याकडून किंवा शेजारच्या इमारतीतून आलेला गरजेचा फोनही अडतो. शिवाय हा मोड दुसऱ्याने लावलेला असतो, त्यातून बाहेर पडायचा पासकोड बहुधा त्या दुसऱ्याकडेच असतो, आणि कोणती ॲपे दिसावीत हेही तोच ठरवतो. सत्तरीतली एखादी बाई स्वतःचे निवृत्तिवेतन खात्यात जमा झाले का, हे आता स्वतः पाहू शकत नाही. तिला मुलाला विचारावे लागते. ज्या घरात प्रेम आहे तिथे हे खपून जाते. जिथे पैशावरून ताण आहे तिथे हेच बंधन तिच्या विरोधात वापरले जाऊ शकते. सुरक्षितता हवीच, पण व्यवहाराला मर्यादा, मोठ्या रकमेला थांबण्याची मुदत, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार, हे उपाय बँकेच्या आणि पोलिसांच्या बाजूने करायचे आहेत. माणसाचा फोन छाटून ते साधत नाहीत. सुरक्षेच्या नावाखाली उलटेही घडते. टॉकबॅक ज्या परवानगीवर चालतो, तिचाच गैरवापर करून पैसे चोरणारी सॉफ्टवेअरे आली, म्हणून काही आर्थिक ॲपे अशी परवानगी चालू दिसली की काम करायला नकार देतात. चोरावर लावलेला हा अडसर दृष्टिहीन ग्राहकाच्याही वाटेत येतो.

दुसरा आक्षेप असा की हा प्रश्न एका पिढीचा आहे. आज चाळिशीत असलेले लोक म्हातारे होतील तेव्हा त्यांना फोनची सवय असेल. यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि दोन्ही टिकत नाहीत. सवय असली म्हणून मोतीबिंदू, कंपवात किंवा पक्षाघात टळत नाही. आणि सवय ज्या गोष्टीची असते ती गोष्टच टिकत नाही: २०१४ साली मुंबईच्या उपनगरी मार्गांवर सुरू झालेले यूटीएस ॲप लोकांनी कष्टाने शिकून घेतले, तोवर जुलै २०२५मध्ये रेल्वेने रेलवन हे नवे ॲप आणले आणि तिकिटाचा व्यवहार तिकडे वळवायला सुरुवात केली. तिशीतल्या प्रवाशाला या बदलाचे काही वाटत नाही. जो बोटाच्या स्मरणावर तिकीट काढायला शिकला होता, त्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत सौम्य आहे: काहीच नसण्यापेक्षा हे बरे. मान्य आहे, म्हणूनच पुढील पानांत या मोडची माहिती आहे. पण काम खरोखर सोपे करण्याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केली की सोप्या मोडचे तोकडेपण कळते. सप्टेंबर २०२२मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमध्ये छोट्या रकमेला पिन लागत नाही. बँकांच्या यंत्रणेवरचा ताण कमी करणे हाही त्यामागचा एक हेतू होता, पण ज्याची बोटे पिन टाकताना चुकतात त्याच्यासाठी ती फार मोठी मदत झाली, कारण एक आख्खा टप्पा गळाला. मार्च २०२२मधील यूपीआय १२३पे ही सेवा साध्या, बटणांच्या फोनवरून चालते. तिच्यासाठी स्मार्टफोनची गरजच नाही. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन घरी येऊन, स्वतःजवळच्या यंत्रावर, ७० रुपयांत काम करून देण्याची सोय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने २०२०मध्ये सुरू केली. या तिन्हींत पडद्याला हात लावलेला नाही. पायऱ्या कमी केल्या किंवा त्या चढायला माणूस दिला. चीनने नोव्हेंबर २०२०मध्ये वृद्धांच्या डिजिटल अडचणींवर राष्ट्रीय आराखडा काढला तेव्हा रुग्णालये आणि प्रवासी सेवांत जुन्या पद्धतीच्या खिडक्या राखण्याची सूचना त्यात होती, आणि जानेवारी २०२१पासून ११५ संकेतस्थळे व ४३ ॲपे निवडून त्यांच्या चालकांनाच बदल करायला लावले. तिथली राज्यपद्धती आपण उचलावी असे नाही, पण दबाव योग्य ठिकाणी दिला गेला हे नोंदवले पाहिजे. आपल्याकडे दबाव उलट दिशेने आहे. ऑगस्ट २०२३पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकाला महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच वीजबिल रोखीने भरता येते. त्यापुढच्या रकमेसाठी ऑनलाइन किंवा बँकेचा मार्ग. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र लावणाऱ्या घराचे बिल ही मर्यादा सहज ओलांडते.

पुढील पानांचा उपयोग करताना वाचकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. घरातल्या माणसासाठी फोन लावून देताना आधी त्याची गरज विचारावी: नजर, हात, कान, स्मरण की नुसती सवय. त्यानुसार टॉकबॅक, अक्षरांचा आकार, स्पर्शाचा अवधी किंवा सोपा मोड निवडावा, पासकोड शक्यतो त्याच्याकडेच राहू द्यावा. हा भाग घरी होण्यासारखा आहे आणि तो इथे टप्प्याटप्प्याने दिला आहे. दुसरा भाग ज्येष्ठ नागरिक संघ, दिव्यांग संघटना आणि नगरसेवक यांच्यासाठी आहे. पालिकेचे, रेल्वेचे, विजेचे किंवा बँकेचे कोणतेही ॲप आले की ते फोनवरची अक्षरे सर्वांत मोठी करून आणि टॉकबॅक चालू ठेवून, लॉगिनपासून पावतीपर्यंत एकदा पूर्ण चालवून पाहावे. जिथे अडते त्या पडद्याचे नाव, तारीख आणि अडचण लिहून त्या संस्थेकडे लेखी द्यावी, आणि ॲप दुरुस्त होईपर्यंत त्या कामाची खिडकी कोणत्या वेळेत, कोणत्या पत्त्यावर उघडी राहील हे लेखीच मागावे. अशा पत्राचा मराठी नमुना, कायद्याची कलमे आणि वर उल्लेखलेल्या दोन निकालांतील निर्देश शेवटच्या प्रकरणात एकत्र दिले आहेत.